पहारा कोण बदलणार?

एकट्याने मूल वाढवणाऱ्या आई-वडिलांनी स्वतःची प्रकृती कशी राखावी, या विषयावर सध्या जो वाद चालतो त्यात दोन्ही बाजू एकमेकींशी बोलतच नाहीत. एक बाजू म्हणते की दिवसाचे चोवीस तास सर्वांना सारखेच मिळतात; ज्याला व्यायाम करायचा असतो तो पहाटे उठतो, ज्याला करायचा नसतो तो कारणे शोधतो. दुसरी बाजू म्हणते की नोकरी, घर आणि मूल असा तिहेरी भार एकट्याने ओढणाऱ्या माणसाला व्यायामाचा उपदेश करणे हाच क्रूरपणा आहे. आधी व्यवस्था बदला, मग आरोग्याचे बोला. पहिली बाजू सगळा भार माणसाच्या इच्छाशक्तीवर टाकते, तर दुसरी त्याच्या हाती काहीच ठेवत नाही. माझे म्हणणे असे की दोघांनीही मोजायला चुकीची गोष्ट घेतली आहे. एकल पालकाला सर्वांत मोठी वाण असते ती बदलीची, म्हणजे आपल्या जागी तासभर उभे राहील अशा दुसऱ्या जबाबदार माणसाची. वेळेचा तुटवडा हे तिचे केवळ लक्षण आहे. हे मान्य केले की पालकाने स्वतः काय करावे आणि इतरांनी त्याच्यासाठी काय करावे, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे बदलतात.

‘बदली’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो. कारखान्यात माणूस गैरहजर राहिला की बदली कामगार उभा राहतो, वर्गशिक्षक आजारी पडले की बदली शिक्षक तास घेतात, आणि गडाच्या दरवाजावरचा पहारेकरी कितीही निष्ठावान असला तरी ठरल्या वेळी त्याचा पहारा बदलला जात असे. नाविकांच्या श्रमाविषयी २००६ साली जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्यात विश्रांतीची किमान मर्यादा कोणत्याही चोवीस तासांत दहा तास आणि सात दिवसांत ७७ तास अशी आकड्यांत लिहिलेली आहे. थकलेला माणूस सुकाणूवर असणे हा साऱ्या जहाजाला धोका आहे, हे तिथे कोणाला पटवून द्यावे लागत नाही. मग ज्या घरात मोठे माणूस एकच आहे, त्या घराच्या सुकाणूबद्दल आपण इतके निर्धास्त कसे राहतो? रात्री नऊला मूल झोपते आणि अकरापर्यंतचे दोन तास कागदावर मोकळे दिसतात. ‘दोन तास आहेत की, त्यातला अर्धा तास चालायला जा,’ असे सांगणाऱ्याच्या लक्षात येत नाही की त्या पालकाला दाराबाहेर पाऊल टाकता येत नाही. झोपलेल्या चार वर्षांच्या मुलाला कुलूप लावून कोणी फिरायला जात नाही. दोन पालकांच्या घरात दुसरा पालक कामाला अगदी निरुपयोगी असला, तरी तो घरात झोपलेला असणे एवढ्यानेच पहिल्याला बाहेर पडता येते. त्या नुसत्या असण्याची किंमत वेळापत्रकात कुठेच दिसत नाही, म्हणून ती हिशेबातूनही निसटते.

ही काही मूठभरांची अडचण नाही. संयुक्त राष्ट्रांच्या महिलाविषयक संस्थेने २०१९ साली कुटुंबांवर जो जागतिक अहवाल काढला, त्यानुसार जगातील सुमारे ८ टक्के कुटुंबे एकल पालकांची आहेत आणि त्यांतील सुमारे ८४ टक्के कुटुंबांत तो पालक म्हणजे आई आहे. या परिस्थितीचा शरीरावर परिणाम होतो, हेही दिसून आलेले आहे. स्वीडनमधील मातांच्या नोंदींवर आधारलेला एक अभ्यास २००० साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. एकल मातांमधील मृत्यूचे प्रमाण जोडीदार असलेल्या मातांपेक्षा जास्त होते आणि आर्थिक स्थिती व आधीचे आजारपण हिशेबात धरूनही तो फरक पूर्णपणे पुसला गेला नाही. हे ज्या देशाची सामाजिक सुरक्षा जगात वाखाणली जाते तिथले चित्र आहे. पुढे २०१८ साली ‘द लॅन्सेट पब्लिक हेल्थ’मध्ये कॅनडातील चाळीस हजारांहून अधिक पालकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात एकल पित्यांमधील मृत्यूचा धोका एकल मातांच्या आणि जोडीदार असलेल्या पित्यांच्याही तुलनेत दुपटीहून अधिक आढळला; त्यांच्या आहारात फळे आणि भाज्या कमी होत्या आणि एका बैठकीत अतिमद्यपान करण्याचे प्रमाण जास्त होते. माझी मुलगी चार वर्षांची असताना तिची आई गेली, त्यामुळे हा अभ्यास मी त्रयस्थपणे वाचू शकलो नाही. त्यातली कारणमीमांसा अपुरी आहे हे अभ्यासकांनी मान्य केले आहे, पण पुरुषाला मदत मागायला शिकवलेलेच नसते, ही गोष्ट मला त्या आकड्यांच्या मागे स्पष्ट दिसते.

आता इच्छाशक्तीच्या बाजूचे जे खरे आहे ते आधी मान्य करतो. शरीर कारण विचारत नाही. रक्तदाब वाढायचा तो वाढतो. तुमच्यावर अन्याय झाला आहे म्हणून तो थांबत नाही. धोरणे बदलायला दशके लागतात आणि तोवर चाळिशीचे पन्नाशीत जाणे काही थांबत नाही. मूल सांगितलेले कमी आणि पाहिलेले जास्त शिकते, हेही खरे. आणि अत्यंत कठीण परिस्थितीत नियमाने व्यायाम करणारे एकल पालक खरोखर असतात. त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण त्यांचे उदाहरण काय सिद्ध करते? असे करणे अशक्य नाही, एवढेच. जवळून पाहिले तर त्यांच्या दिनक्रमात बहुतेक वेळा कोणीतरी उभे असते: आजी, बहीण, शेजारची वहिनी, किंवा आठवड्याचे तीन दिवस मूल नेणारा दुसरा पालक. आपण शाबासकी देतो त्यांच्या जिद्दीला आणि विसरतो त्यांच्या बदलीला.

या संदर्भात वैद्यकाच्या इतिहासातला एक प्रसंग मला फार बोलका वाटतो. जेरेमी मॉरिस या ब्रिटिश डॉक्टरांनी १९५३ साली लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील चालक आणि वाहक यांची तुलना प्रसिद्ध केली. दोघे एकाच गाडीवर, एकाच पाळीत काम करत. फरक एवढाच की चालक दिवसभर बसून असे आणि वाहक तिकिटांसाठी दिवसभर जिने चढत-उतरत असे. हृदयविकाराचे प्रमाण वाहकांमध्ये लक्षणीय कमी निघाले. वाहक चालकांपेक्षा अधिक निश्चयी होते का? पहाटे उठून धावायला जाण्याचा संकल्प त्यांनी केला होता का? त्यांच्या कामाच्या रचनेतच जिना होता आणि चालकांच्या कामाच्या रचनेत खुर्ची होती. यावर एक आक्षेप येतो आणि तो खुद्द मॉरिस यांनीच पुढे आणला: गणवेशांची मापे तपासून त्यांनी १९५६ मध्ये दाखवून दिले की चालकांची कंबर मुळातच अधिक रुंद होती, म्हणजे दोन्ही गटांत आधीपासूनही काही फरक होता. स्वतःच्या निष्कर्षावर स्वतःच प्रश्न उभा करणाऱ्या या माणसाचे मूळ म्हणणे नंतरच्या असंख्य अभ्यासांत टिकले, आणि त्याच्या मुळाशी असलेला विचार आजच्या वादात हरवला आहे. माणसाच्या हालचालीचा बराचसा भाग त्याच्या दिवसाची रचना ठरवते, आणि एकल पालकाचा दिवस त्याने एकट्याने रचलेला नसतो. तो रचतात कार्यालयाची वेळ, शाळेची घंटा, पाळणाघराचा बंद होण्याचा तास आणि मुलाचा ताप.

‘पहाटे उठा’ या सल्ल्याविषयी मला विशेष चीड आहे, कारण तो निरुपद्रवी वाटतो आणि तसा नसतो. जो माणूस रात्री अकराला भांडी आवरून झोपतो आणि मधेच मुलाच्या खोकल्याने दोनदा उठतो, त्याने साडेचारला उठायचे म्हणजे व्यायामाचा तास तो झोपेतून उसना घेतो. ही उसनवारी कशी फेडावी लागते? १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी तरुणांना सहा रात्री केवळ चार-चार तास झोपू दिले, तेव्हा रक्तातील साखर हाताळण्याची त्यांची क्षमता उतरली. २००३ सालच्या दुसऱ्या प्रयोगात दोन आठवडे रोज सहा तास किंवा त्याहून कमी झोपलेल्यांची सावधानता एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसांइतकी घसरली. त्याहून गंभीर बाब ही की आपली किती घसरण झाली आहे हे त्यांना स्वतःला फारसे जाणवत नव्हते. ‘मला कमी झोप पुरते’ असे म्हणणाऱ्या प्रत्येक थकलेल्या पालकाने हे वाक्य पुन्हा वाचावे. ज्याला झोप आणि व्यायाम यांतून एकच निवडावे लागते, त्याने आधी झोप निवडावी असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्यासाठी त्याला कोणी आळशी म्हणू नये.

दुसरीकडे, विमानातल्या प्राणवायूच्या मुखवट्याचे उदाहरण सर्रास दिले जाते: आधी स्वतःला लावा, मग मुलाला. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण उपमा तपासून पाहावी. तो मुखवटा प्रत्येक आसनावर आपोआप खाली येतो, तो कोणालाही विकत घ्यावा लागत नाही, आणि तो लावायला काही सेकंद पुरतात. आरोग्य राखायला वर्षे लागतात, रोज थोडा वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात मुलाकडे पाहायला कोणीतरी लागते. ज्या विमानात एकाच आसनावर मुखवटा खाली येत नाही, तिथे प्रवाशाला स्वतःची काळजी घेण्याचे महत्त्व समजावण्यात काय अर्थ आहे?

व्यवस्थेला दोष देणाऱ्या बाजूशी माझी सहानुभूती अधिक आहे, म्हणूनच तिच्याशी भांडणही अधिक नेटाने केले पाहिजे. त्यांचे म्हणणे बरोबर आहे की आरोग्याचा सल्ला फार लवकर दोषारोपात बदलतो. आठ तास काम, आठ तास विरंगुळा, आठ तास विश्रांती ही दिवसाची विभागणी ब्रिटिश समाजसुधारक रॉबर्ट ओवेन यांनी १८१७ च्या सुमारास मांडली आणि १९१९ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या पहिल्याच करारात कारखान्यांसाठी आठ तासांचा दिवस मान्य झाला. मजुरांच्या चळवळीचे हे मोठेच यश होते. पण त्या तीन आठांत स्वयंपाक कुठे आहे? मुलाला न्हाऊ घालणे, त्याचा अभ्यास, त्याचे आजारपण कुठे आहे? ते सगळे घरात दुसरे कोणीतरी करत आहे असे गृहीत धरूनच तो दिवस आखला होता. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्याच २०१८ च्या अहवालानुसार जगात रोज होणाऱ्या विनामोबदला सेवेच्या कामापैकी ७६ टक्क्यांहून अधिक काम स्त्रिया करतात. ज्या घरात ते ‘दुसरे कोणीतरी’ नसते, तिथे विरंगुळ्याचे आठ तास आधी जातात आणि मग विश्रांतीचे आठ कुरतडले जातात. इथपर्यंत मी त्यांच्याबरोबर आहे.

मात्र यावरून ‘म्हणून आत्ता काहीच शक्य नाही’ असा निष्कर्ष काढणे हा त्याच पालकावर दुसऱ्या प्रकारचा अन्याय आहे, कारण शास्त्राने अलीकडे नेमकी त्याच्या सोयीची गोष्ट सांगितली आहे आणि ती त्याच्यापर्यंत पोहोचलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१० च्या मार्गदर्शक सूचनांत अशी अट होती की व्यायाम सलग किमान दहा मिनिटांचा असेल तरच तो मोजावा. विचार करा: लहान मूल असलेल्या एकट्या माणसाला सलग दहा मिनिटे कोण देतो? २०२० च्या सूचनांत ती अट काढून टाकली. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रम, किंवा त्याच्या निम्मी मिनिटे जोरकस श्रम, आणि दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम, हे लक्ष्य आजही आहे, पण ते तुकड्यातुकड्यांनी गाठलेले चालते. २०२२ मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये एक अभ्यास आला. मनगटावर हालचाल मोजणारे यंत्र बांधलेल्या ब्रिटनमधील २५ हजारांहून अधिक प्रौढांचा त्यात समावेश होता, आणि ते सर्वजण आपण फावल्या वेळात व्यायाम करत नाही असे सांगणारे होते. त्यांच्यातही ज्यांच्या दिवसात एक ते दोन मिनिटांचे तीन दमवणारे तुकडे आपसूक येत, म्हणजे घाईने जिना चढणे, ओझे उचलून झपझप चालणे, त्यांच्यात सुमारे सात वर्षांत मृत्यूचा धोका असे तुकडे नसलेल्यांपेक्षा ३८ ते ४० टक्क्यांनी कमी दिसला. हा निरीक्षणावर आधारलेला अभ्यास आहे; घाईने जिना चढू शकणारी माणसे मुळातच अधिक निरोगी असू शकतात, ही शंका रास्त आहे. तरीही आधीच्या पुराव्याशी तो जुळतो: शून्यातून थोड्यावर येण्याचा फायदा सर्वांत मोठा असतो आणि पुढे तो हळूहळू सपाट होत जातो. दहा हजार पावलांचा जो दंडक आपण वेदवाक्य मानतो, तो १९६५ च्या सुमारास जपानमधील एका पाऊलमापकाच्या नावातून आला. २०१९ साली वृद्ध स्त्रियांवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासात रोज सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्यांतही मृत्यूचे प्रमाण २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा बरेच कमी दिसले आणि ७,५०० च्या आसपास फायदा स्थिरावला. दहा हजार झाली नाहीत म्हणून एकही न मोजणाऱ्या थकलेल्या माणसाला हे कोणीतरी सांगायला हवे होते.

जात्यावर बसले की ओवी सुचते, असे आपण म्हणतो. ती ओवी गाण्यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नसे, हे त्यातले मर्म आहे. एकल पालकाच्या व्यायामाचा मोठा भाग असाच असेल: मुलाला कडेवर घेऊन जिना, बागेत त्याच्यामागे खरोखर धावणे, स्वयंपाकघराच्या ओट्याला हात टेकून दंड काढणे, मूल दात घासत असताना उठाबशा. पण इथे एक इशारा द्यावासा वाटतो. ‘मुलाबरोबरच व्यायाम करा’ हा सल्ला अर्धाच खरा आहे. मुलाबरोबर खेळताना पालकाचा एक डोळा सतत पहाऱ्यावर असतो. शरीर हलते, पण मन सुटत नाही. अशा तुकड्यांनी हृदयाचे रक्षण होईल. एकटेपणा आणि सततची सावधानता यांनी जे पोखरले जाते ते भरून निघणार नाही. आणि काही गोष्टींचे तुकडे होतच नाहीत. रक्तदाबाची तपासणी, स्तनाची तपासणी, दातांवरचे उपचार यांसाठी सलग दोन तास आणि मुलाजवळ कोणीतरी लागते. माझी एक दाढ दुखू लागली तेव्हा मी तीन वेळा वेळ ठरवली आणि तीनही वेळा रद्द केली: एकदा मुलीला ताप, एकदा शाळेला अचानक सुट्टी, एकदा सांभाळायला येणाऱ्या बाईंच्याच घरी आजारपण. पहिल्या भेटीत जी दाढ भरून भागले असते, ती आठ महिन्यांनी काढावी लागली. इच्छाशक्ती मला दाढेपर्यंत पोहोचवू शकली नाही आणि घाईने चढलेला कोणताही जिना तिला वाचवू शकला नाही.

एक आक्षेप बाहेरून येत नाही, आतून येतो: आधीच मुलाला एकच पालक मिळाला आहे, त्याचाही तास मी काढून घेऊ? हा प्रश्न मला अनेक एकल पालकांनी विचारला आहे आणि मी स्वतःलाही विचारला आहे. उत्तर हिशेबाचे आहे. दोन पालकांच्या घरात एक आजारी पडला तर घर लंगडते. एका पालकाच्या घरात तो एक आजारी पडला तर घर बसते. त्या मुलाचा सारा विमा एकाच शरीरात उतरवलेला आहे. त्या शरीरासाठी काढलेला तास मुलाच्या खात्यातून गेलेला नसतो, तो मुलाच्याच खात्यात जमा होत असतो. याला स्वार्थ म्हणणाऱ्या नातेवाइकांनी हेही सांगावे की तो पालक अंथरुणाला खिळला तर त्या मुलाला ते किती दिवस सांभाळणार आहेत.

मग बदली आणायची कुठून? राज्यसंस्थेने काय करावे याची काही उदाहरणे आज जगात आहेत. स्वीडनमध्ये जुलै २०२४ पासून पालक आपल्या भत्ता मिळणाऱ्या बालसंगोपन रजेतील काही दिवस आजी-आजोबांना किंवा इतर माणसांना देऊ शकतात: प्रत्येक पालकाला ४५ दिवस, आणि ज्याच्याकडे मुलाचा ताबा एकट्याचाच आहे त्याला ९० दिवस. एकट्या पालकाचा आकडा दुप्पट आहे, आणि मला यातले सर्वांत महत्त्वाचे तेच वाटते. बदलीची गरज कायद्याने ओळखल्याची ती खूण आहे. कार्यालयांनाही फार मोठे काही करावे लागत नाही. तपासणीसाठी दोन तासांची रजा कारण न विचारता देता येते, आणि संध्याकाळच्या बैठका पाळणाघर बंद होण्याच्या वेळेनंतर ठेवणे टाळता येते. दवाखान्यांनी केसपेपरवर वजन, रक्तदाब, व्यसने यांच्याबरोबर एक ओळ वाढवावी: तुम्ही आजारी पडलात तर घरी मुलाजवळ कोण थांबेल? ज्याच्यापुढे ती जागा कोरी राहील, त्याला चालण्याचा सल्ला देण्याआधी मूल बरोबर आणता येईल अशी तपासणीची वेळ द्यावी.

उरतो आपण सगळे, म्हणजे शेजारी, मित्र, भावंडे. आपण एक वाक्य फार सहज बोलतो: ‘काही लागले तर सांगा.’ ते प्रामाणिक असते, पण त्यात मागण्याचे सगळे ओझे आधीच वाकलेल्या माणसावर टाकलेले असते, आणि तो कधीच सांगत नाही. माझ्या बायकोच्या एका मैत्रिणीने मला ते वाक्य ऐकवले नाही. ती म्हणाली, ‘मंगळवारी साडेसहा ते आठ मी तुमच्याकडे येणार आहे, तुम्ही घरात नसलात तरी चालेल.’ आणि ती येत राहिली. पहिले तीन मंगळवार मी आतल्या खोलीत दार लावून फक्त झोपलो. चौथ्या मंगळवारी बूट शोधले.